उन्हाच्या जिल्ह्यात हाडांचा तोटा

व्यापाराच्या पानावर हाडांचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु दुकान माणसांच्या जोरावर चालते आणि माणूस हाडांच्या जोरावर उभा राहतो. खामगाव असो, मलकापूर असो, चिखली किंवा मेहकर असो, पेठेत दोन व्यापारी भेटले की आधी कापसाचा भाव निघतो, मग उधारी निघते आणि तिसरा विषय निघतो तो गुडघ्याचा, कमरेचा. घरी यावे तर अम्मीची पाठ, बेगमच्या पिंडऱ्या, सुनेचा थकवा. औषधांच्या डब्यात एक पुडी हमखास सापडते: व्हिटॅमिन डी, साठ हजार युनिट. कोणाला ती डॉक्टरांनी लिहून दिलेली असते, कोणाला शेजाऱ्याने सांगितलेली असते.

आता गंमत पाहा. आमचा बुलढाणा जिल्हा म्हणजे उन्हाचा जिल्हा. पूर्णेच्या खोऱ्यात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि पावसाळ्याचे महिने सोडले तर आभाळ बहुतेक मोकळेच असते. हे जीवनसत्त्व शरीर उन्हात स्वतः तयार करते. जो माल अंगणात फुकट पडला आहे, तोच आम्ही पुडीत बांधून दुकानातून विकत आणतो. हा सौदा असा उलटा का झाला, याचा हिशेब मांडून पाहण्यासाठी हे चार शब्द.

शरीराचा कारखाना

हाडे कॅल्शियमने मजबूत होतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण कॅल्शियम पोटात गेले म्हणजे हाडात पोहोचले असे नाही. आतड्यातून ते रक्तात घेण्याचे काम व्हिटॅमिन डी करते. हे जीवनसत्त्व पुरेसे असेल तर अन्नातील कॅल्शियमपैकी सुमारे तीस ते चाळीस टक्के शरीर उचलते. ते नसेल तर जेमतेम दहा ते पंधरा टक्के. म्हणजे माल गोदामापर्यंत आला, पण उतरवून घ्यायला हमालच नाही, अशी अवस्था होते. मग रक्ताची गरज भागवण्यासाठी शरीर हाडांतील कॅल्शियम काढू लागते. भांडवल मोडून खर्च भागवणाऱ्या दुकानाचे जे होते, तेच हाडांचे होते.

लहान मुलांत या कमतरतेमुळे मुडदूस होतो. पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे जाड होतात, चालायला उशीर होतो. मोठ्या माणसांत हाडे मऊ पडतात. नितंब, मांड्या, बरगड्या यांत दुखत राहते आणि स्नायूंचा जोर जातो. उकिडवे बसल्यावर उठता न येणे, जिना चढताना कठड्याचा आधार लागणे, सजद्यातून उठताना हात टेकावा लागणे, ही त्याची लक्षणे असू शकतात. प्रत्येक दुखणे याच कारणाने असते असे मात्र नाही. म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात तो प्रकार वेगळा, पण या कमतरतेने त्यात भर पडते.

हे जीवनसत्त्व तयार होण्याचे तीन टप्पे आहेत. कातडीखाली एक स्निग्ध पदार्थ असतो. त्याच्यावर सूर्याचे अतिनील किरण पडले की कच्चा माल तयार होतो. तो यकृतात जातो आणि तेथे त्याचा साठा होण्याजोगा प्रकार बनतो. रक्ततपासणीत मोजतात तो हाच. शेवटचा हात मूत्रपिंडात फिरतो आणि मगच ते कामाला लागते. कातडी, यकृत आणि मूत्रपिंड, तीन कारखाने. एक जरी बंद पडला तरी पक्का माल बाहेर पडत नाही. ही गोष्ट पुढे कामाची आहे, म्हणून लक्षात ठेवावी.

नाशिकचा धडा

ऊन आणि हाडे यांचा संबंध जगाला उशिरा कळला. १८९० साली थिओबाल्ड पाम या इंग्रज डॉक्टराने लिहिले की, मुडदूस धुराने झाकलेल्या शहरांत आढळतो, उन्हाच्या देशांत नाही. तेव्हा कोणी फारसे मनावर घेतले नाही. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुले अतिनील दिव्याखाली ठेवून बरी केली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले की, कॉड माशाच्या यकृताचे तेलही हेच काम करते. दोन वेगळ्या वाटा एकाच गावाला जातात हे त्यातून ठरले. १९२२ च्या सुमारास त्या पदार्थाला व्हिटॅमिन डी हे नाव मिळाले.

नेमक्या याच काळात एक महत्त्वाचे काम आमच्या महाराष्ट्रात झाले. हॅरी हचिसन या डॉक्टरांनी आपल्या हिंदी सहकाऱ्यांबरोबर नाशिक भागातील मुडदूस आणि मऊ हाडांचे रुग्ण तपासले. त्याचे निष्कर्ष १९२१ आणि १९२२ मध्ये विलायतेतील वैद्यकीय मासिकांत छापून आले. नाशिक आणि बुलढाणा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, म्हणजे डोक्यावरचा सूर्य एकच. म्हणून हा निष्कर्ष आम्हाला परका नाही.

त्यांना आढळले ते असे. ज्यांच्या घरी दूध, तूप, मांस यांची ददात नव्हती, अशा सुखवस्तू मुसलमानांच्या आणि उच्चवर्णीय हिंदूंच्या घरांत मुडदूस होता. कारण तेथे बायका आणि तान्ही मुले आतल्या अंधाऱ्या खोल्यांत राहत. जे मजूर कोरडी भाकरी खात, पण ज्यांच्या बायका मुलांना घेऊन दिवसभर उघड्यावर काम करत, त्यांच्या मुलांत तो आढळला नाही. श्रीमंताच्या घरी रोग आणि गरिबाच्या घरी आरोग्य! फरक ताटाचा नव्हता, उजेडाचा होता.

हा धडा पुढे परदेशातही खरा ठरला. १९६० नंतर स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात भारत आणि पाकिस्तानातून गेलेल्या कुटुंबांच्या मुलांत मुडदूस दिसू लागला. ढगाळ हवा, बंद घरे, सावळी कातडी आणि चपातीचे जेवण, सर्व कारणे एकत्र आली. १९७९ पासून तेथील आरोग्य खात्याने या मुलांना जीवनसत्त्वाचे थेंब फुकट वाटले आणि रोग झपाट्याने खाली आला. आखाती देशांत तर ऊन आमच्यापेक्षा कडक, पण वातानुकूलित खोलीतून वातानुकूलित मोटारीत जाणाऱ्या लोकांत ही कमतरता सर्रास आढळते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. रवींदर गोस्वामी व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत उन्हात कवायत करणाऱ्या सैनिकांची पातळी बरी निघाली आणि इस्पितळात काम करणारे डॉक्टर व परिचारिका मात्र बरेच खाली आढळले. जे इतरांना औषध लिहून देतात तेच कमतरतेत!

कोणते ऊन उपयोगाचे?

आमच्याकडे समज असा की, सकाळचे कोवळे ऊन हाडांना चांगले. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात घेऊन बसण्याची चाल घरोघरी आहे. कोवळे ऊन सुखाचे असते यात शंका नाही, पण व्हिटॅमिन डीच्या हिशेबाने त्याची किंमत फार कमी आहे. सूर्य खाली असताना त्याच्या किरणांना हवेचा लांब थर ओलांडून यावे लागते आणि कामाचे अतिनील किरण वाटेतच गळून पडतात. तिरुपती येथील संशोधकांनी प्रत्यक्ष मोजून दाखवले की, सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळात हे जीवनसत्त्व सर्वांत जास्त तयार होते.

घड्याळापेक्षा सोपे माप म्हणजे स्वतःची सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कामाचे. लांब असेल तर ते फक्त उजेडाचे आणि उबेचे. आमच्या जिल्ह्यात डिसेंबरच्या अखेरीस दुपारी साडेबाराच्या सुमारास सावली जेमतेम उंचीइतकी होते. म्हणून हिवाळ्यात भर दुपारीच उन्हात बसावे. तेव्हा त्याचा त्रासही होत नाही. मे महिन्यात सकाळी सव्वानऊच्या सुमारासच सावली उंचीपेक्षा आखूड होते. म्हणून उन्हाळ्यात साडेनऊच्या आसपास उन्हात जावे आणि दहा-सव्वादहाला सावलीत यावे. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी एक वाजता हाडांसाठी उन्हात बसणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे आहे.

किती वेळ बसावे? विलायती पुस्तकांत दहा-पंधरा मिनिटे लिहिलेली असतात. ती गोऱ्या कातडीची आहेत. आमच्या कातडीतील रंगद्रव्य हे उन्हाविरुद्धचे नैसर्गिक छत्र आहे, त्यामुळे आम्हाला त्याच्या काही पट वेळ लागतो. हात, पाय आणि चेहरा उघडा ठेवून आठवड्यातून चार-पाच दिवस अर्धा-पाऊण तास, असे साधारण धोरण ठेवावे. साठीनंतर कातडीची ही शक्ती निम्म्याने कमी होत जाते, म्हणून वृद्धांना केवळ उन्हावर सोडून चालत नाही.

काच आणि कापड

आता आमच्या धंद्याची गोष्ट. पेठेत काचेचे दर्शनी भाग असलेली दुकाने वाढली. मालक म्हणतो, दिवसभर ऊन अंगावर येते. पण साधी काच उजेड आणि उष्णता आत सोडते आणि जीवनसत्त्वाचे किरण अडवते. शोकेसमध्ये टांगलेल्या कापडाचा रंग काचेआडूनही उडतो, हे प्रत्येक कापडवाल्याने पाहिले आहे. त्यावरून काचेतून सर्व ऊन येते असा समज होतो. रंग उडवणारे किरण वेगळे, हाडांना लागणारे वेगळे. रंगाचे नुकसान होते आणि हाडांचा फायदा होत नाही, असा काचेचा दुहेरी तोटा आहे.

कापडाचे काय? अमेरिकेत १९९२ मध्ये लुइस मात्सुओका व सहकाऱ्यांनी माणसांना सुती, लोकरी आणि पॉलिएस्टरचे, काळे आणि पांढरे कपडे घालून अतिनील किरणांसमोर उभे केले. पांढऱ्या सुती कापडातून किरण सर्वांत जास्त गेले आणि काळ्या लोकरीतून सर्वांत कमी. तरीही कोणत्याच कापडाखाली रक्तातील जीवनसत्त्व वाढले नाही. म्हणजे तलम मलमल घेतली तर काम होईल, हा हिशेबही पुरा पडत नाही. आज बुरख्यासाठी निदा, क्रेप अशी पॉलिएस्टरची गडद काळी कापडे जास्त चालतात. अंगाला हलकी वाटली तरी त्यांतून हे किरण जाणे कठीणच. कापड अंग झाकण्यासाठीच असते, त्याचा दोष नाही. ज्या जागी ते उतरवता येईल अशी उन्हाची जागा घरात आहे का, हा खरा प्रश्न आहे.

परदा आणि आंगन

या विषयावर दोन टोकांची बोलणी ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, परद्यामुळेच मुसलमान बायकांची हाडे खिळखिळी होतात. दुसरा पक्ष हा विषय निघाला की कान झाकून घेतो. दोघांनीही नाशिकचे काम नीट वाचलेले नाही. तेथे रोग मुसलमानांच्या घरी होता तसा उच्चवर्णीय हिंदूंच्या घरीही होता. दोन्हीकडे समान होती ती अंधारी खोली. परदा नजरेपासून असतो, उन्हापासून नाही.

पूर्वीच्या लोकांना हे कळत होते असे त्यांच्या घरांवरून दिसते. आमच्या जिल्ह्यातील जुन्या मोहल्ल्यांतून फिरावे. चार भिंतींच्या आत मोकळे आंगन, त्यात चूल, रांजण, वाळवण आणि बाज. बाई दिवसाचे निम्मे काम त्या आंगनात करायची. बाहेरून कोणाची नजर पडत नसे आणि वरून ऊन पूर्ण मिळत असे. परदा आणि प्रकाश दोन्ही एकाच भिंतीने सांभाळले होते.

ते आंगन कोणी बुजवले? ते आम्ही व्यापाऱ्यांनीच बुजवले, हे मान्य करावे लागेल. पेठेतल्या जागेचे भाव वाढले. भाऊ वेगळे झाले. आंगनात दुकानाचे गोदाम झाले, त्यावर स्लॅब पडला, वर दोन खोल्या निघाल्या. खाली दुकान, वर घर, मध्ये अरुंद जिना आणि समोर शेजाऱ्याची भिंत. फुटाफुटाचा हिशेब झाला, पण घरातून ऊन गेले त्याची नोंद कोणत्याच वहीत झाली नाही. शिवणयंत्र चालवणारी मुलगी, फॉल-बिडिंग करणारी बाई ट्यूबलाइटखाली दिवस काढते आणि तिशीतच कंबर धरून बसते.

बाळंतिणीची गोष्ट तर आणखी नाजूक आहे. सव्वा महिना तिला बंद खोलीत ठेवण्याची चाल हिंदू-मुसलमान दोन्हीकडे आहे. आईच्या शरीरात जीवनसत्त्वाचा साठा नसेल तर बाळ रिकाम्या गल्ल्यानेच जन्माला येते. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व मुळातच थोडे असते. म्हणून बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने पहिले वर्षभर बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब देण्याची शिफारस केली आहे. हे थेंब स्वस्त आहेत. अकिक्याचा खर्च करणाऱ्या घराने हा खर्च टाळू नये.

इलाज अवघड नाही. नवे बांधकाम करताना निदान दहा बाय दहाची आकाशाला मोकळी जागा सोडावी. ती जमत नसेल तर गच्चीचा कठडा माणसाच्या उंचीइतका उचलावा किंवा सिमेंटची जाळी लावावी आणि दुपारी बारा ते एक ही वेळ घरातील बायकांसाठी ठेवावी. त्या वेळी पुरुषांनी गच्चीवर जाऊ नये, एवढा नियम पुरे. कपडे वाळत घालणे, भाजी निवडणे, मुलांचा अभ्यास घेणे ही कामे तेथे होतात. वेगळा वेळ काढावा लागत नाही.

दुकानदार आणि नोकर

बायकांचा विषय निघाला की पुरुषांना वाटते, आपण सुटलो. पण कापडाच्या दुकानात गादीवर बसणारा मालक सकाळी दहाला आत शिरतो आणि रात्री नऊला बाहेर पडतो. त्याच्या अंगाला आठवड्यातून किती ऊन लागते? दुपारी मशिदीत जाऊन येण्याची दहा मिनिटे, तीही सावलीसावलीने. ठाण फेकणारी, माप घालणारी पोरे तर तेवढीही बाहेर पडत नाहीत. उलट आठवडी बाजारात पाल ठोकून रेडिमेड विकणारा आमचाच भाऊ उन्हात काळा पडतो आणि त्याच्याबद्दल आम्हाला कीव वाटते. नाशिकचा धडा येथे पुन्हा आठवावा.

मोठ्या आस्थापनांतील नोकराला कामाच्या मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती देणे कायद्यानेच लागते. लहान दुकानांनी ती आपण होऊन द्यावी आणि हिवाळ्यात डबा दुकानाच्या मागच्या खोलीऐवजी गच्चीवर किंवा उघड्या ओट्यावर खावा. दोघे-दोघे आळीपाळीने गेले तर गिऱ्हाईक खोळंबत नाही. नोकर कंबरदुखीने आठ दिवस घरी बसला तर दुकानाचे होणारे नुकसान या अर्ध्या तासापेक्षा मोठे असते.

थाळीचा हिशेब

ऊन मिळाले आणि कॅल्शियमच नसेल तरी काम भागत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६०० युनिट व्हिटॅमिन डी हवे. वऱ्हाडची थाळी म्हणजे ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण. शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम तीस मिलिग्रॅमदेखील नसते, शिवाय धान्याच्या कोंड्यातील फायटेट नावाचा पदार्थ ते अडवून ठेवतो. आंध्रातील शेतमजुरांच्या तपासणीतही हाच पेच दिसला. ऊन भरपूर, पण ताटात कॅल्शियम नाही.

उपाय आमच्याच बाजारात आहेत. शंभर ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. शेवग्याचा पाला, दूध, दही, ताक, काट्यासह खाल्लेली लहान मासळी हे सर्व उपयोगी आहे. तिळाची चटणी रोज दोन चमचे, हा गरिबालाही परवडणारा सौदा आहे. व्हिटॅमिन डी मात्र अन्नातून फार थोडे मिळते, अंड्याच्या बलकातून आणि तेलकट मासळीतून. काही कंपन्यांच्या दुधात आणि खाद्यतेलात ते मिसळलेले असते. अशा पाकिटावर अधिकचे चिन्ह आणि एफ हे अक्षर छापलेले असते. किराणा घेताना ते पाहून घ्यावे.

पुडी केव्हा, किती?

येथे व्यापाऱ्याने विशेष सावध राहावे, कारण आता हा मोठा बाजार आहे. त्याची सुरुवातही व्यवहारातूनच झाली. १९२४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅरी स्टीनबॉक यांनी दाखवले की, खाद्यपदार्थांवर अतिनील किरण सोडले तर त्यांत हे जीवनसत्त्व तयार होते. त्यांनी त्याचे पेटंट घेतले, पण मिळकत संशोधनासाठी न्यासाकडे दिली. आज बाजारातील बहुतेक व्हिटॅमिन डी मेंढीच्या लोकरीच्या चरबीपासून बनते. लोकर धुताना निघणारी ही चरबी शुद्ध करून तिच्यावर अतिनील किरण सोडतात. कापडधंद्यातील टाकाऊ पदार्थापासून औषध बनते, ही आम्हा कापडवाल्यांसाठी नवलाची गोष्ट. कॅप्सूलचे आवरण मात्र बहुधा जिलेटिनचे असते. ज्यांना त्याविषयी शंका असेल त्यांनी पुडी किंवा थेंब मागावेत. जनऔषधी केंद्रांत औषधे बाजारभावापेक्षा स्वस्त मिळतात, तेही विचारून पाहावे.

साठ हजार युनिटची एक पुडी म्हणजे रोजच्या ६०० युनिटच्या हिशेबाने शंभर दिवसांचा शिधा. ज्याची कमतरता मोठी आहे त्याची जुनी बाकी फेडण्यासाठी डॉक्टर ती आठवड्याला एक अशी ठरावीक आठवडे देतात. काही जण हीच पुडी ताकदीची म्हणून रोज घेतात. हे धोक्याचे आहे. उन्हात शरीर गरजेपेक्षा जास्त झालेला माल स्वतः मोडून टाकते, म्हणून उन्हाने या जीवनसत्त्वाचे विष होत नाही. पुडीला असा लगाम नाही. रक्तातील कॅल्शियम वाढते, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, गोंधळलेपणा ही लक्षणे दिसतात आणि मूत्रपिंडाला इजा होते.

मूत्रपिंडाची गोष्ट आमच्या जिल्ह्याने गंभीरपणे घ्यावी. पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यात, संग्रामपूर आणि जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाच्या रुग्णांची तक्रार जुनी आहे. वर सांगितलेला तिसरा कारखाना हाच. तो मंदावला की साधी पुडी घेऊनही हाडांना फायदा मिळेलच असे नाही. अशा रुग्णाला कोणते औषध, किती द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. त्याने शेजाऱ्याची पुडी उचलून घेणे म्हणजे दुखऱ्या बैलावर आणखी ओझे टाकणे.

जास्तीची गोष्ट किती महागात पडते हे २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्याने पाहिले. काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. विंचूदंशावरील कामामुळे प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून गव्हातील सेलेनियमच्या जादा प्रमाणाकडे बोट दाखवले. सेलेनियमही शरीराला लागते, पण चिमूटभर. व्हिटॅमिन डीलाही तोच नियम लागू आहे.

मग सर्वांनीच रक्त तपासावे का? ही तपासणी स्वस्त नाही. अमेरिकेतील अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये सांगितले की, धडधाकट माणसाने ही तपासणी सरसकट करू नये आणि पंचाहत्तरीच्या आतील निरोगी माणसाने रोजच्या गरजेपेक्षा जास्त डोस घेऊ नये. त्यापूर्वी २०२२ मध्ये अमेरिकेतीलच एका मोठ्या पाहणीचा निकाल आला होता. पंचवीस हजारांहून अधिक प्रौढांना काही वर्षे रोज २००० युनिट किंवा नुसतीच खोटी गोळी दिली, तरी हाडे मोडण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच राहिले. अर्थात, ती माणसे सर्वसाधारण निरोगी होती. ज्याचा गल्ला भरलेला आहे त्याला आणखी भरून फायदा नाही. रिकाम्या गल्ल्याची गोष्ट वेगळी. म्हणून दुखणे असलेली माणसे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, घराबाहेर न पडणारे वृद्ध आणि ज्यांच्या घरात ऊन येत नाही अशा भगिनी, यांनी डॉक्टरांना विचारून तपासणी व औषध घ्यावे. बाकीच्यांनी आधी ऊन आणि थाळी सुधारावी.

शेवटचा ताळा

हिशेब साधा आहे. ऊन मोफत, तीळ स्वस्त, बाळाचे थेंब परवडणारे. महाग काय आहे? म्हातारपणी मोडलेला खुबा. शस्त्रक्रियेचा खर्च, अंथरुणाला खिळलेले माणूस आणि त्याच्या सेवेत अडकलेले घर, हे पाहिल्यावर दहा बाय दहाच्या मोकळ्या जागेचा भाव कोणालाच जास्त वाटणार नाही. घर बांधायला काढलेल्या प्रत्येक व्यापारी बांधवाने नकाशा हातात आला की गवंड्याला दुकान, गोदाम आणि जिना यांबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: या घरातील बायकांना ऊन कोठून मिळणार? त्याचे उत्तर नकाशावर दाखवता आले, तरच पायाची पहिली कुदळ मारावी.